सुनेला दोनदा नापास करणारे व्याही

विद्या जिभेवर नव्हे, बोटांच्या टोकांवर वसते, असे मानणारा आमच्या व्याह्यांइतका हट्टी मनुष्य अवघ्या जालना जिल्ह्यात झाला नसेल. परतूरच्या एका धर्मादाय दवाखान्यात ते डॉक्टर होते आणि तेथेच परिचारिकांचा वर्ग चालवीत. लेखी परीक्षेवर त्यांचा काडीचाही विश्वास नव्हता. प्रत्येक कामाच्या पायऱ्या पाडून त्यांनी तक्ते केले होते. हात धुण्याच्या नऊ, सुई टोचण्याच्या चौदा. विद्यार्थिनीने करून दाखवावे, यांनी पेन्सिलीने खूण करावी. एक खूण राहिली तरी सारे पुन्हा. सुईचा सराव मोसंबीवर चाले, म्हणून त्यांच्या घरी फळ सोलण्यापूर्वी मी ते उजेडात धरून पाहत असे. एकदा माझी संध्या न्याहाळून म्हणाले, "शास्त्रीबुवा, मंत्र बराबर हायेत, पण बोटांच्या मधली जागा कोरडीच राह्यली."

माझी कन्या त्यांची सून आणि त्याच वर्गातली विद्यार्थिनी. कुंभार पिंपळगावची तिची नेमणूक प्रमाणपत्रावाचून अडली होती. मी तिच्याकडून चौदाही पायऱ्या पाठशाळेच्या रीतीने घोकून घेतल्या. व्याह्यांनी तिला दोनदा नापास केले. सुई टोचण्यापूर्वी रुग्णाचे नाव विचारायचे, ही पायरी ती हटकून गाळी. खाटेवर वर्गातलीच मैत्रीण निजलेली. तिला नाव काय विचारायचे?

विहीणबाई कडाडल्या, "गावभरच्या पोरी पास करून राह्यले, अन् नापास करायला घरचीच सून सापडली?"

"एकाची सुई दुसऱ्याला टोचल्यावर 'मला पाठ होतं' म्हणून चालंल का?"

मी रदबदली केली, "तोंडी विचारा, एक अक्षर चुकणार नाही."

"तोंडानं बिलकुल चुकत न्हाई, तेच तर दुखणं हाये. उद्या पुन्हा घेतो. अन् रुग्ण तुम्ही."

मला ताकदीच्या सुया चालूच होत्या. सकाळी खाटेवर निजलो. तिने हात धुतले, औषधावरचे नाव वाचले, सुई भरली आणि जवळ येऊन थबकली. मी पायरी सुचवणार तोच व्याह्यांनी डोळे वटारले. मग एरवी मला 'अण्णा' म्हणणारी माझी लेक अनोळखी स्वरात म्हणाली, "आजोबा, पूर्ण नाव सांगा."

संकल्प सोडावा तसे मी सावकाश नाव सांगितले, पित्याचे सांगितले, गोत्र उच्चारू लागलो.

"गोत्र राहू द्या. वय?"

व्याह्यांची पेन्सिल कागदावर करकरली. कन्यादानाच्या दिवशीही ती मला इतकी दूर गेल्यासारखी वाटली नव्हती, आणि इतके समाधानही झाले नव्हते. माझे डोळे भरून आले. सुई काढून, बोळा दाबीत तिने वाकून विचारले, "दुखलं का, आजोबा?"

तक्त्यातली चौदावी पायरी 'रुग्णाची विचारपूस' हीच होती; पण तिने विचारले ते पायरी म्हणून की मायेने, हे व्याह्यांना विचारायचे राहूनच गेले. आता ते नाहीत.