सावडीतली अकरावी बाई

"आजून शिकतीयासच व्हय गं?" हा प्रश्न नाझिया तांबोळीला विचारला नाही, असं माणूस न्हावऱ्यात उरलं नव्हतं. वय एकतीस, समाजशास्त्रात एम.ए., नेट पास आणि पीएच.डी.चं सहावं वर्ष. अहो, लागणारच सहा वर्षं! त्यातली निम्मी तिच्या गाईडसाहेबांच्या पुस्तकाचं टायपिंग करण्यात, त्यांच्या वाटणीचे पेपर तपासण्यात आणि दर हिवाळ्याला त्यांच्या पुण्याच्या फ्लॅटवर हुरडा नि कांद्याची गोणी पोचवण्यात गेली, हे कोण विचारतंय? साहेब गोणी आत ठेवून घ्यायचे आणि दारातच सांगायचे, "संशोधनाला चिकाटी लागते, नाझिया." नाकानं कांदे सोलायला यांचं काय जातंय!

तिचा विषय होता सावड. आज सगळ्या जणींनी एकीच्या रानात कांदा लावायचा, उद्या दुसरीच्या. मजुरी द्यायची नाही, घ्यायची नाही, पण दिवसाची फेड दिवसानंच करायची. न्हावऱ्यात भागुबाईंची सावड जुनी. दहा बायका, त्यात नाझियाची आई हमीदाही होती. पहिल्या दिवशी नाझिया वही-पेन घेऊन बांधावर उभी राहिली, तर भागुबाईंनी मानसुद्धा वर केली नाही.

"उभ्या माणसासंगं आमाला बोलाया येत न्हाई," त्या म्हणाल्या. "वाक खाली. तू आमच्या वाफ्यात दिवस घाल, आमी तुला एकेक सांज देतो. मग इचार काय इचारायचं ते."

दोन हिवाळे ती वाकली. बोटांना भेगा पडल्या. रोपं दाट लावते म्हणून सुवर्णा तिच्या मागनं यायची, निम्मी उपटायची आणि वर "कुठल्या कालेजात शिकलीस गं ही लागण?" म्हणून सगळ्यांना हसवायची. पण सांज झाली की बायका बोलायच्या. बाळंतपणात बुडालेले दिवस कोण भरून काढतं, आजारी बाईच्या वाटणीचं काम कसं झाकून नेतात, रान नसलेल्या बाईला सावडीत सहसा का घेत नाहीत, हे सगळं त्यांनी सांगितलं. हमीदाला गुंठाभर रान नव्हतं. तिचे दिवस बाकीच्या जणी तिच्या शेळ्यांना चारा कापून फेडत होत्या. नाझियाला हे घरात राहूनही ठाऊक नव्हतं.

वहीत बायकांची यादी करताना मात्र तिची एक चूक झाली. तिनं स्वतःलाही त्यात धरलं. क्रमांक अकरा: वय एकोणतीस, मुस्लिम, रान नाही, लागण कच्ची, म्हणते, 'दुपारनंतर कंबर माझी वाटत नाही, शेजारणीची वाटते.' आता सकाळपासून चिखलात वाकलेली बाई स्वतःला बाईच समजणार, संशोधक कशाला समजेल? वही साहेबांनी तपासायला म्हणून ठेवून घेतली. ती वर्ष उलटलं तरी परत दिली नाही.

गेल्या नोव्हेंबरात पुण्यातल्या एका चर्चासत्रात छापील पुस्तिका तिच्या हातात पडली. आत साहेबांचा फोटो, साहेबांचा निबंध, विषय सावड. 'प्रस्तुत संशोधकाने दोन हिवाळे प्रत्यक्ष वाफ्यात राहून अकरा स्त्रियांच्या मुलाखती घेतल्या.' नाझियानं पानं उलटली. शेवटच्या पानावर ती स्वतः बसली होती. 'क्रमांक अकरा, भूमिहीन मुस्लिम मजूर, निरक्षर. तिने संशोधकास सांगितले की दुपारनंतर कंबर आपली न वाटता शेजारणीची वाटते.'

निरक्षर! चोरलं ते चोरलं, वर पदरचा शब्द घातला! मुसलमानाची बाई, मजूर, म्हणजे निरक्षरच असणार, हे यांनी खुर्चीत बसून ठरवलं. नाझियाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चहाच्या सुट्टीत ती साहेबांसमोर जाऊन उभी राहिली.

"सर, ही अकरावी बाई मी आहे."

साहेबांनी बिस्कीट चहात बुडवलं. "डेटा गाईडचा असतो, नाझिया. मार्चमध्ये तुझी मुदत संपतेय. प्रबंधावर माझी सही लागेल ना?" दुसऱ्या दिवशी त्यांनी एक टाईप केलेला कागदच पाठवला. क्षेत्रकार्य सरांच्या प्रकल्पासाठी, सरांच्या सांगण्यावरून केलं, असं त्यात होतं. खाली नाझियाच्या सहीला जागा सोडली होती.

तिची सही होता होता राहिली, खोटं कशाला सांगा. सहा वर्षं होती ती! चुलीपाशी बसून ती आईला म्हणाली, "अम्मी, टाकते करून. काय जातंय?" हमीदानं ते भागुबाईंच्या कानावर घातलं. भागुबाई सकाळीच दारात आल्या.

"वही तुझी आसंल बया. त्यातलं बोलणं आमचं हाय. ते कुणाला देऊन टाकायचं, हे तू एकलीच कशी ठरवतीस?"

नाझियानं कागद फाडला आणि विद्यापीठाकडे लेखी तक्रार दिली.

चौकशी समितीनं तारीख दिली ती नेमकी जानेवारीत, ऐन लागणीत. उपटलेली रोपं ओल्या गोणपाटाखाली झाकून दहाच्या दहा जणी सकाळच्या एसटीत बसल्या. पुण्यात त्यांना कुणी खुर्चीसुद्धा दिली नाही. दोन तास व्हरांड्यात उभं राहिल्यावर आत बोलावलं. अध्यक्षांनी साहेबांकडे बोट करून विचारलं, "यांनी तुमच्या मुलाखती घेतल्या होत्या का?"

भागुबाईंनी साहेबांना नीट न्याहाळलं. "आज पयल्यांदा बघतीया ह्यांना."

साहेब हसले. "ग्रामीण स्त्रियांच्या लक्षात राहत नाही, सर."

"ऑं?" सुवर्णा उसळली. "येवढा गडी दोन हिवाळं आमच्या वाफ्यात वाकला आसता, तर ध्यानात ऱ्हायला नसता व्हय? चपलंला तरी चिखल लागलाय का तुमच्या कवा?"

अध्यक्ष नाझियाशी समजुतीचं बोलले. निबंधावर दोघांचीही नावं घालू, सरांचं पहिलं, तुमचं दुसरं. सर प्रबंधावर सही करतील. विषय मिटवा.

"माझं नाव आधीच आहे त्यात," नाझिया म्हणाली. "तिथं निरक्षर लिहिलंय. मला दुसरं नाव नको, सर. माझी वही द्या."

निकाल लागला. निबंध मागे घेतला गेला, वही परत मिळाली आणि साहेबांना समज देण्यात आली. झालं, एवढंच! त्यांची खुर्ची तीच आहे, त्यांच्याकडे यंदा दोन नवीन मुली लागल्या आहेत. नाझियाला एका वर्षाची मुदतवाढ आणि दुसऱ्या गाईडबाई मिळाल्या. त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितलं की जुनी वही आता वादातली झाली, मुलाखती पुन्हा घ्याव्या लागतील. चोरी साहेबांची आणि राबायचं पुन्हा हिनं!

वाफ्यात तिनं हे बायकांना सांगितलं. भागुबाईंनी रोपाची जुडी तिच्या हातात दिली.

"घे की मुलाखती परत. पर ह्या खेपंला लिव्हलेलं आदी आमाला वाचून दावायचं. आमी व्हय म्हणलो, तरच ते पुण्याला जाईल."

सहा वर्षांत कितीतरी कागदांवर सह्या झाल्या होत्या, पण ही अट त्या साऱ्या शिकलेल्यांमधल्या एकालाही सुचली नव्हती.