अकरा सेकंदांचं पडणं

मी स्कूटरवरून पडलो तेव्हा माझा वेग किती होता हे मी सहसा सांगत नाही. कारण त्याच वेळी कोपऱ्यावरून दूध घेऊन येणारे एक आजोबा चालत माझ्या पुढे गेले होते. बनशंकरीतली आमची गल्ली, आमचंच फाटक आणि ज्या खड्ड्याला मी दोन वर्षं रोज वळसा घालत होतो तोच खड्डा. हातात इडलीच्या पिठाची पिशवी. पडताना माणूस डोकं वाचवतो, गुडघा वाचवतो. मी पिशवी वर धरली. पिशवी शाबूत राहिली. फक्त दुकानदाराने मारलेली गाठ सुटली आणि किलोभर पीठ हेल्मेटवरून, चष्म्यावरून ओघळत माझ्या शर्टाच्या आत गेलं.

खालच्या मजल्यावरून आमच्या घरमालकीणबाई धावत आल्या. त्यांना सगळी गल्ली अक्का म्हणते. तीन पिढ्या बेंगळुरात काढलेलं मराठी घर. मराठी बोलता बोलता मधेच कन्नडमध्ये जाऊन परत येतात. "अय्यो, लागलं काय रे?"

वर गॅलरीत बायको उभी होती. ती म्हणाली, "अक्का, त्याला राहू द्या. पीठ किती उरलंय ते बघा."

मुलगी तेव्हा आठ वर्षांची होती आणि मी तिला गेम बनवायला शिकवत होतो. रंगीत ठोकळे एकाखाली एक जोडायचे, की पडद्यावरचं चित्र चालतं, उडी मारतं, असला तो प्रकार. मी तिच्यासाठी सगळं आखून ठेवलं होतं: अवकाशयान, उल्का, तीन जीव. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि स्कूटर काढली. स्कूटरवर चष्मा लावलेला एक जाडा माणूस, हातात पिशवी.

"हा कोण?"

"तू."

समोरून खड्डे येतात. बटण दाबलं की बाबा स्कूटरसकट उडी मारतो. चुकलं की पडतो आणि पडद्यावर पांढरं पसरतं. पडल्यावर काहीतरी आवाज हवा होता. तिने लॅपटॉपवर रेकॉर्डिंग चालू केलं आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून विचारलं, "आई, बाबा पडला की तू काय म्हणतेस?"

ते रेकॉर्डिंग असं होतं. आधी बायको: "पडला! परत पडला हा माणूस!" मग मी, बाहेरच्या खोलीतून, दुखावलेल्या स्वरात: "अगं, पण पिशवी वाचवली की नाही?" मग ती: "हो, आता पिशवीचीच इडली खा." एवढं बोलून ती हसायला लागते, तिच्या हसण्याने मीही हसतो, आमच्या हसण्यावर कुकरची शिट्टी होते आणि शिट्टीच्याही वर मुलगी ओरडते, "गप्प बसा ना दोघं, रेकॉर्ड होतंय!"

अकरा सेकंद. ते अकरा सेकंद आता कुठेही नाहीत. मी घालवले. माझ्या बाकीच्या सगळ्या फजित्या मी चारचौघांत तिखटमीठ लावून सांगत आलोय. ही आजवर कुणाला सांगितलेली नाही.

बायकोचं ऑफिस महादेवपुऱ्यात. बनशंकरीतून जायला दोन तास, यायला अडीच. आधी ठरलं की सोमवार ते गुरुवार तिने तिकडे मैत्रिणीच्या फ्लॅटवर राहायचं. मग शुक्रवारही तिकडेच, कारण शुक्रवारचा ट्रॅफिक. मग मुलीला तिकडच्या शाळेत प्रवेश मिळाला. मग एका रविवारी जाताना तिने लोणच्याची बरणी पिशवीत घातली आणि मला कळलं की आता हे आठवड्याच्या सोयीचं राहिलेलं नाही. मी लोकांना सांगतो, आमचा संसार ट्रॅफिकने मोडला. लोक हसतात. बेंगळुरात हे कारण कुणालाही पटतं, पुढचं कुणी विचारत नाही.

पुढचं असं आहे, की ती साडेचार तास बसमध्ये काढून घरी यायची आणि मी तिला दिवसभराच्या गमती सांगायला तयार बसलेला असायचो. तिचा दिवस कसा गेला हे विचारणं माझ्या गोष्टीत कुठे बसायचंच नाही. "मला कायम ऐकायलाच बसवतोस तू," असं तिने एकदा म्हटलं होतं. चिडून नाही, अगदी साध्या आवाजात. मी त्यावर एक विनोद केला. चांगला होता विनोद. आज आठवत नाही.

तर मुलगी पाच दिवस आईकडे आणि शनिवार-रविवार माझ्याकडे. शनिवारी दुपारपर्यंत आमचे विषय संपायचे. मग ती मोबाइल बघायची आणि मी तिला बघायचो. यावर उपाय म्हणून मी क्लास काढला. रविवारी सकाळी अक्कांच्या पुढच्या खोलीत गल्लीतली सात मुलं आणि माझी एक. "सरी, बरंय, घे खोली," अक्का म्हणाल्या, "पण सोफ्यावर बिस्किटाचा चुरा दिसला तर तुझा क्लास रस्त्यावर." मुलं कन्नड, तेलुगू, हिंदी बोलणारी; सगळ्यांच्या भाषेत मी 'अंकल'. महिन्याभरात कुणी फुगे फोडणारं मांजर केलं, कुणी आंबे झेलणारी टोपली. माझ्या मुलीने नवं काही केलं नाही. तिने स्कूटरचाच गेम उघडला.

शेवटची दहा मिनिटं एकमेकांचे गेम खेळायचे असा नियम होता. स्कूटरवर सगळ्यांच्या उड्या पडायच्या, पण एक तक्रार होती. पडलं की अकरा सेकंद पुढे जाता यायचं नाही. "अंकल, ये आंटी का हँसना स्किप करो ना!" समोरच्या इमारतीतला एक मुलगा दर रविवारी ओरडायचा.

आणि माझी मुलगी स्वतः? ती पहिल्याच खड्ड्यात पडायची. दर वेळी. मला वाटलं, पोरीला वेळ साधत नाही. मी खड्डा लहान करून दिला. ती पडली. स्कूटरचा वेग निम्म्यावर आणला. ती पडली.

"अगं, बटण जरा आधी दाब."

"हं," म्हणायची आणि पडायची.

मी सोळा वर्षं सॉफ्टवेअरमध्ये आहे. दुसऱ्यांनी केलेल्या कामातल्या चुका शोधून काढतो, त्याचाच पगार घेतो. माझं निदान असं, की मुलीचा डोळा आणि हात यांचा मेळ बसत नाही. चष्म्याचा नंबर तपासून घ्यावा असंही मी ठरवलं होतं.

मग मुलांच्या आईवडिलांना बोलावून सगळे गेम दाखवायचं ठरलं. आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी, मुलगी खाली अक्कांकडे जेवत होती. मी आठही गेमवरून हात फिरवायला बसलो. कुणाचं मांजर भिंतीत अडकत होतं ते सोडवलं. कुणाची टोपली पडद्याबाहेर जात होती ती आत आणली. स्कूटरचा गेम उघडला. रेकॉर्डिंग पडद्यावर डोंगररांगेसारखं दिसतं. पहिल्या सेकंदात एक स्वच्छ शिखर: "पडला!" पुढे नुसता कल्ला, एकावर एक आवाज. ऐकलं का? ऐकलं, पण पुरतं नाही. माझा स्वतःचा आवाज आला तसं बंद केलं. रेकॉर्डिंगमधला स्वतःचा आवाज मला ऐकवत नाही. पहिला सेकंद ठेवला आणि उरलेले दहा निवडून कापले. गेम चटचट चालायला लागला. मग दुसरा गेम उघडला, तो बंद केला, चहा ठेवला. ऑफिसात मी 'आधी जुनी प्रत जपून ठेवा, मगच हात लावा' या विषयावर तासभर बोलू शकतो. बोललोही आहे.

रविवारी अक्कांची खोली भरली. माझ्या मुलीची पाळी आली. तिने गेम चालू केला, पहिला खड्डा आला, ती पडली. "पडला!" आणि लगेच स्कूटर पुन्हा रस्त्यावर. तिने पुन्हा पाडलं. "पडला!" पुन्हा. "पडला!" पाच-सहा वेळा झाल्यावर तिने मान वर करून मला शोधलं.

"बाबा, पुढचं कुठाय?"

मी सगळ्यांच्या देखत, मोठ्या आवाजात, कौतुक व्हावं म्हणून म्हणालो, "काढून टाकलं! किती फास्ट झालाय बघ!"

"काढून कुठे ठेवलंस?"

"ठेवलं नाही गं, कापलं."

"मग कापलेलं कुठाय?"

सोळा वर्षांत मला कुणी इतका साधा प्रश्न विचारला नव्हता. मी काहीतरी बोललो. ती रडली नाही. लॅपटॉप बंद करून तिने तो पुढच्या मुलाच्या मांडीवर ठेवला आणि बिस्किटं वाटायला अक्कांच्या मागे आत गेली.

त्या संध्याकाळी ती आईकडे परत गेली. सोमवारी दुपारी मी बायकोला फोन केला. आम्ही एरवी फक्त मेसेज करतो: निघाली, पोचली, डबा विसरली.

"ते रेकॉर्डिंग होतं ना, मी पडतो तेव्हाचं," मी म्हणालो. "गेममधलं."

"हो."

"ते माझ्याकडून गेलं."

"गेलं म्हणजे?"

"मी साफ केलं. गेम हळू चालत होता."

मागे तिच्या ऑफिसातले आवाज येत होते. मग ती म्हणाली, "ती मुद्दाम पडायची रे. लॅपटॉप इथे आणायची तेव्हाही तेच करायची. पडायची, ते सगळं ऐकायची, परत पडायची. मला वाटलं तुला माहीत असेल."

"मी तिला उडी मारायला शिकवत होतो."

यावर ती हसेल असं मला वाटलं. खरं सांगतो, तेवढ्यासाठीच मी तसं म्हटलं होतं. ती म्हणाली, "मी आत जाऊन दार लावून घ्यायचे. मला ते ऐकवत नव्हतं."

"पुन्हा रेकॉर्ड करू या का?"

"शनिवारी सोडायला येईन तेव्हा वर येते," ती म्हणाली. दीड वर्षात ती वर आली नव्हती. फाटकाशी गाडी थांबवायची, मुलगी उतरायची, काच वर जायची.

शनिवारी ती आली. चपला काढताना तिचा हात सवयीने डावीकडे कपाटाकडे गेला. कपाट मी हलवलं होतं. मी गॅसवर कुकर ठेवला, आत नुसतं पाणी. मुलीने प्रत्येकाला जागा दिली: आई स्वयंपाकघरात, बाबा बाहेरच्या खोलीत, ती टेबलाशी. वाक्यं तिला तोंडपाठ होती, तिने आम्हाला सांगितली.

पहिल्या वेळी कुकरची शिट्टी आधीच झाली. दुसऱ्या वेळी झालीच नाही. बायको म्हणायची, "पडला! परत पडला हा माणूस," अगदी स्पष्ट, मीटिंगमध्ये बोलावं तसं, आणि वर "झालं? ओके?" मी हसलो. माझं हसणं टूथपेस्टच्या जाहिरातीतल्यासारखं येत होतं. आयुष्यभर नको तिथे हसलेला माणूस मी. त्या दिवशी दोन सेकंदांचं हसू मला जमेना. चौथ्या वेळी जरा बरं जमलं. मी मोठ्याने हसलो, तीही हसली, शिट्टीही झाली. आणि दारात अक्का.

"हसणं ऐकू आलं खाली," त्या म्हणाल्या. हातात वाटी होती, तोंड फुललेलं. "मला वाटलं..."

त्यांनी टेबलावरचा लॅपटॉप पाहिला, आम्हा तिघांना तीन ठिकाणी उभं पाहिलं. शिजण्याचा वास नव्हता, तोही त्यांना कळला असणार. "सरी, सरी. स्वल्प पायसम आहे, खा," म्हणत त्या वाटी ठेवून खाली गेल्या. जिना उतरताना दोनदा थांबल्या, ते ऐकू आलं.

मुलीने हेडफोन लावून चौथं रेकॉर्डिंग दोनदा ऐकलं. आम्ही दोघं निकालाची वाट बघणाऱ्या पोरांसारखे उभे होतो.

"छान आहे," ती म्हणाली. पाहुण्यांना म्हणतात तसं. "थँक यू आई."

बायकोने अर्धा चहा घेतला. ट्रॅफिक वाढायच्या आत निघते म्हणाली. फाटकापर्यंत मी गेलो. खड्डा बुजवलाय आता. त्यावर डांबराचा उंचवटा आलाय. तिने तो बघितला, मीही बघितला. माझ्या ओठांवर त्याच्यावरचं एक गमतीचं वाक्य आलं होतं. मी ते बोललो नाही. "तुझा आठवडा कसा गेला?" असं विचारलं. ती जरा चकित झाली. "बरा," म्हणाली आणि गाडीत बसली.

वर आलो तर मुलीने नवीन रेकॉर्डिंग काढून टाकलेलं. जुनं "पडला!" तेवढं ठेवलं होतं.

"बाबा, जुनं सगळं मिळून किती होतं?"

"अकरा सेकंद."

"नक्की?"

"नक्की. कापताना आकडा दिसतो."

पडद्यावरचं सगळं काही वेळ थांबवून ठेवणारा एक ठोकळा असतो. आत आकडा लिहायचा, तेवढे सेकंद काहीही होत नाही. क्लासच्या दुसऱ्याच दिवशी शिकवतो मी तो. तिने तो "पडला!"च्या खाली जोडला आणि आत दहा लिहिले. बरोबर आहे का ते मी बघितलं. बरोबर होतं.

दुसऱ्या दिवशी क्लासमध्ये तो समोरच्या इमारतीतला मुलगा तिच्या शेजारी बसला होता. ती पहिल्या खड्ड्यात पडली. "पडला!" आणि मग काहीच नाही. स्कूटर आडवी, मी पिठात आडवा, पिशवी वर धरलेली.

"अंकल, हँग हो गया!"

मी सवयीने उठलो, हात पुढे केला, मग मागे घेतला. "हँग नहीं हुआ," म्हणालो. "इसको इतना टाइम लगता है."

"लेकिन कुछ हो ही नहीं रहा!"

मुलगी पडद्याकडे बघत होती. सात सेकंद झाले, आठ झाले. जिथे कुकरची शिट्टी व्हायची तिथे तिने मान किंचित वर केली. अजून तीन सेकंद होते.