एक बोट जागा

नमस्कार मंडळी. या ग्रुपवर मी कधीपासून नुसता वाचतोय. जेवण झालं की मोबाईल घ्यायचा, तुमचे अनुभव वाचायचे आणि मनात म्हणायचं — याला अपचन झालं असेल, हिचा डोळा लागला असेल. कुणाचा अपमान करायचा नाही, पण खरं सांगतो, मला यातलं काही पटत नव्हतं. मी भित्रा आहे, पण माझी भीती वेगळी. गॅस बंद केला का, कुलूप नीट बसलं का, ज्याचा जीव माझ्या हातात आहे तो माणूस सुखरूप आहे का... या काळजीतच दिवस जातो. भुतांना भ्यायला सवडच नव्हती.

आता लिहितोय ते माझ्यासमोर, भर दुपारी, निम्म्या गावादेखत झालेलं. नववीत शाळा सुटली, त्यामुळं मागंपुढं होईल, सांभाळून घ्या.

माझं गाव धाराशिव जिल्ह्यात, येरमाळ्याच्या अलीकडं हायवेवरून आत वळलं की लागतं. मी राहतो मात्र मालवणला. आप्पा, म्हणजे माझे वडील, आजारात गेले तेव्हा शाळा सोडून फिरत फिरत मी समुद्रापर्यंत पोचलो. तिथं सुहासभाऊंनी मला ठेवून घेतलं. भाऊ पाणबुडे. पर्यटकांना समुद्राखाली मासे दाखवतात, आणि पावसाळ्यात समुद्र बंद असला की घाटावरची कामं घेतात — तलावाचं दार अडकलं, धरणाची जाळी तुंबली असली. मी आलो तेव्हा गुडघाभर पाण्यात उभा राहून रडलो होतो. भाऊ म्हणाले होते, "उस्मानाबादी बोकड रे तू. बोकडाक पाणी नको." तेव्हापासून सगळ्या किनाऱ्यावर माझं नाव बोकड. पण त्याच माणसानं मला पोहायला शिकवलं, डुबायला शिकवलं, घरात ताटाला ताट लावून जेवू घातलं. त्यांच्यासाठी माझा जीव हाजिर आहे, हे आधीच सांगतो, म्हणजे पुढचं समजेल.

माझं मुख्य काम सिलिंडर बांधायचं. पाठीवर जो हार्नेस घालतात, त्याला हवेचा सिलिंडर एका रुंद नायलॉनच्या पट्ट्यानं आवळायचा असतो. दिसायला सोपं, पण सगळा जीव त्याच पट्ट्यावर. नायलॉन पाण्यात ढिलं पडतं. म्हणून पट्टा आधी ओला करायचा, मग सिलिंडरवर चढवायचा, बकलातून ओवून दात खाऊन ओढायचा आणि बकल खटकन दाबायचं. मग हार्नेस धरून अख्खा सिलिंडर उचलायचा आणि गदागदा हलवायचा. केसभर जरी सरकला तरी पुन्हा पहिल्यापासून. भाऊ दर वेळी विचारतात, "पट्टो ओलो केलंस मां?" आणि मी दर वेळी सांगतो, "केला." तरी परत जाऊन बघतो. असा माझा स्वभाव.

या पावसाळ्यात सोलापूरकडच्या एका तलावाचं काम उरकून आम्ही टेम्पोनं परत निघालो होतो, तेवढ्यात माझ्या चुलत्यांचा फोन आला. त्यांना आम्ही तात्या म्हणतो. पोळा नुकताच झालेला. तात्या म्हणाले, "आरं, गावात प्यायला पानी न्हाय. हिरीत पानीच पानी हाय, पर मोटार वडंना. पाइपाच्या तोंडाला कायतरी बसलंय. पाइप वर काडायला क्रेन येईना चिखलातनं. तुजं मालक पान्यातलं हायती नव्हं?"

मी ते भाऊंना सांगितलं. मागायला जीभ उचलत नव्हती. भाऊ म्हणाले, "गाव कोणाचा? तुझो मां? मग इचारतंस कित्याक? फिरव टेम्पो."

तर आम्ही गावात. मला इतका आनंद झाला होता की काय सांगू. मोठी दगडी विहीर, आत उतरायला पायऱ्या, पावसानं वरपर्यंत भरलेली, पाणी चहासारखं. काठावर बायका घागरी घेऊन, माणसं टोप्या सावरत. एक म्हातारी भाऊंचा काळा सूट बघून म्हणाली, "आगं बया, ह्ये तर म्हशीचं रेडकू दिसतंय." भाऊंना कळलं नाही, पण तेही हसले.

मी खालच्या पायरीवर बसून सिलिंडर बांधला. पट्टा ओला केला, आवळला, हलवून बघितलं. केसभरही हलला नाही. भाऊंच्या पाठीवर चढवला. तात्या शेजारीच उभं राहून बघत होते, मान डोलवत. तेवढ्यात टेम्पोत राहिलेली दोरी आणायला मी वर गेलो. ही दोरी भाऊंच्या कमरेला बांधायची आणि दुसरं टोक माझ्या हातात. एक झटका म्हणजे ठीक आहे, सारखे झटके म्हणजे वर ओढ. गढूळ पाण्यात दुसरा इलाज नसतो, स्वतःचा हातसुद्धा दिसत नाही.

दोरी बांधली, भाऊंनी अंगठा दाखवला आणि ते पाण्याखाली गेले. बुडबुडे पाइपाकडं सरकत गेले. मी दोरी सोडत होतो, छाती अभिमानानं फुगलेली. तात्या माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले,

"लई आवळलं हुतंस बग त्ये."

"काय?"

"पट्टा. मानसाला न्हाय व्हय तरास? म्या जरा सैल केला. येक बोट जागा ठिवली. पान्यात गेल्यावर आवळतंयच की."

मंडळी, ज्यांनी बैल जुंपलेत त्यांना कळेल. जुवाला बैल बांधताना गळ्याखालून जी जुपणी येते, ती अंबाडीची असते. पाण्यानं ओली झाली की आकसते. म्हणून आमच्याकडं लहानपणापासून शिकवतात — जुपणीखाली एक बोट जागा ठेव, नाहीतर बैलाला फास बसतो. तात्यांनी मायेनंच केलं. मी दोरी आणायला गेलो तेव्हा बकल उचललं, बोट घातलं, पट्टा सोडला, परत दाबलं. भाऊंना वाटलं मीच मागं काही करतोय.

पट्टा सैल, त्यात नायलॉन, म्हणजे पाण्यात अजून सैल. सिलिंडर खाली घसरणार, त्याबरोबर नळी ओढली जाणार, तोंडात धरलेलं तिचं टोक निघणार. खाली अंधार, वर लोखंडी पाइप.

मी झटका दिला. उत्तर नाही. सारखे झटके दिले. दोरी जड लागली, कशाला तरी अडकल्यासारखी. जोरानं ओढावी तर पाइपाभोवती गुंडाळून भाऊच अडकतील. बुडबुडे बघितले... एका जागी भसाभसा आले आणि थांबले.

"तात्या, दोरी धरा," म्हणालो. दुसरा सिलिंडर वर टेम्पोत होता. पायऱ्या चढायला वळलो, पण पाण्याकडं पाठ करवेना. मी त्या विहिरीला, येडेश्वरीला, आप्पाला, ज्याचं नाव तोंडात आलं त्याला म्हणालो, त्या माणसाला वर पाठवा, त्याच्या बदल्यात काय पाहिजे ते घ्या.

आणि तात्या म्हणाले, "आरं, हालली."

दोरीला एक झटका. ठीक आहे. परत बुडबुडे सुरू झाले, एकसारखे, निवांत. मी दोरी परत हातात घेतली. मी सारखे झटके देऊन वर बोलवत होतो, भाऊ परत एकच झटका देत होते. ठीक आहे, ठीक आहे. काम पुरं करूनच माणूस वर आला. एका हातात कुजलेलं पोतं, दुसऱ्या हातात शेवाळाचा गुच्छा. वर कुणीतरी मोटार चालू केली, पाइप घरघरला आणि बायकांनी एकच गलका केला.

भाऊंनी तोंडातली नळी काढली आणि माझ्यावर डाफरले.

"तू खाली कित्याक इलंस? दोरी सोडून?"

"मी? मी इथंच आहे, भाऊ."

"खोटा बोला नको. टाकी घसारली माझी. नळी दातातसून गेली. मी हात मागे घालतंय, गावना नाय. मगे तू मागसून टाकी उचललंस, पट्टो ओढलंस. पाठीवर दोन थापटे मारलंस. आणि तोंडान कसलो तो आवाज केलंस..." भाऊंनी जीभ टाळ्याला लावून वाजवून दाखवली. च्यक्, च्यक्.

तात्या एकदम दोन पायऱ्या खाली आले. "मालक, पुन्यांदा करा."

च्यक्, च्यक्.

बैल जुंपून झाले की माणूस पाठीवर थाप मारतो आणि असा आवाज करतो. चला म्हणून. भाऊ मालवणचे, त्यांच्या घरी बैल कधीच नव्हते.

"सगळ्या गावानं बघितलंय," मी म्हणालो. "मी पायरी सोडली नाही. विचारा कुणालाही." माझे कपडे कोरडे होते. भाऊंनी शर्टाला हात लावून बघितला.

मग मी त्यांच्या पाठीमागं जाऊन बघितलं. सिलिंडर जागच्या जागी. बकल उघडंच होतं, पण पट्टा बकलाच्या भरवशावर नव्हताच. पट्ट्याचं मोकळं टोक सिलिंडरला एक वेढा घालून वर आणलेलं आणि हार्नेसच्या कडीतून काढून गाठ मारलेली. अशी गाठ, की सिलिंडर आणि हार्नेस एकच वस्तू वाटावी. मी धरून हलवलं. भाऊ अख्खे हलले, सिलिंडर हलला नाही.

तात्यांनी गाठ सोडायला हात घातला. एक टोक ओढलं, दुसरं ओढलं. गाठ आणखी घट्ट झाली. मग त्यांनी हात काढून घेतला आणि पायरीवर टेकले.

"ही डावी गाठ हाय," ते म्हणाले.

माझे आप्पा डावखुरे होते. गावातल्या निम्म्या बैलांच्या जुपण्या, दावी, कासरे त्यांनीच वळलेले. त्यांची गाठ सगळ्या जगाच्या उलटी बसायची, आणि सोडणारा हमखास चुकीचं टोक ओढायचा. पेरणीच्या घाईत माणसं शिव्या देत घरी यायची — "आप्पाची गाठ सोडायला आप्पाच लागतोय, चल बाबा." मला ती कधी जमली नाही. कितीदा शिकवली त्यांनी, माझी बोटं उजवीकडंच वळायची.

काठावरचा एकेकजण खाली येऊन गाठ बघून गेला. ती मघाची म्हातारी तेवढी म्हणाली, "आप्पाचीच हाय की. बघायचं काय त्येच्यात?" आणि घागर भरायला निघून गेली.

मी त्यावर खूप विचार केलाय. भाऊंनी स्वतः बांधली म्हणावं, तर पाठीमागं हात पुरत नाही, हातात जाड मोजे, आणि ही गाठ त्यांनी आयुष्यात बघितलेली नव्हती. तात्यांनी आधीच बांधली म्हणावं, तर त्यांना सुटतही नाही, बांधणार कुठून. दुसरं कुणी पाण्यात उतरलं नव्हतं. आणि आप्पाच आले असं म्हणावं, तर त्यातही अडचण आहे. ती तात्यांनीच सांगितली. आम्ही निघताना टेम्पोच्या दाराशी उभं राहून, उपरण्यानं डोळे पुसत म्हणाले,

"पर पोरा, येक इचारू का? तुज्या बापाला पवायला कुटं येत हुतं? जलमभर हिरीच्या तिसऱ्या पायरीखाली उतारला न्हाय त्यो."

आम्ही दोघं एकमेकांकडं बघत राहिलो... आणि काय झालं कुणास ठाऊक, दोघंही हसायला लागलो. रडत रडत हसत होतो. भाऊ स्टिअरिंगवरून बघत होते, या लोकांना काय झालं म्हणून.

ती गाठ कुणालाच सुटली नाही. सिलिंडर तसाच हार्नेससकट मालवणला आला. पट्टा कापायला मी तयार नव्हतो, भाऊही नव्हते. आता तो तसाच दुकानात कोपऱ्यात उभा आहे आणि भाऊंच्या घरचे गुरुवारी त्याला फूल वाहतात. मी सांगितलेलं नाही, त्यांचं तेच सुरू झालं.

तुमच्यापैकी कुणी पाण्यात काम करत असेल, दोऱ्यांमधलं जाणकार असेल, तर सांगा, मी मनापासून ऐकेन. मला एवढंच माहीत आहे की मी सिलिंडर बांधताना आता काळजी कमी करतो. पट्टा ओला करतो, आवळतो, हलवून बघतो, परत जाऊन बघत नाही. आणि बोटीच्या काठावर बसलेले भाऊ पाण्यात उडी टाकायच्या आधी मान वळवून विचारतात,

"काय रे बोकडा, पट्टो बघितलो मां दोघांनी?"

"व्हय भाऊ," मी म्हणतो. "दोघांनी."