मांडीतली गाठ आणि अर्धं हळकुंड

चारचौघांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही, म्हणून घरी कोणी नसताना हे लिहिते आहे. माझ्या उजव्या मांडीत, आत खोल, एक गाठ आली होती. दुखत नव्हती, म्हणून मी ती बरेच दिवस कुणाला सांगितली नाही. वाढली तेव्हा आम्ही डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, गाठ किती रागीट आहे, म्हणजे किती झपाट्याने पसरणारी, आणि तिने मांडीतली मोठी शीर धरली आहे का, हे एमआरआय काढून बघावं लागेल. पाय राहणार की जाणार, हे बरंचसं त्यावर होतं. त्या दिवसापासून भवानीपुढे हात जोडले तरी मन लागेना. इतकी वर्षं म्हटलं ते कुणी ऐकलं तरी का, असं मनात येई, आणि मग स्वतःचीच भीती वाटे.

आम्ही कानडी मुलखात राहणारे मराठी; शहरातल्याच जयनगर भागात स्कॅन काढायला धाकटी लेक बरोबर आली. बांगड्या, जोडवी मी घरीच उतरवली होती. मंगळसूत्र मात्र तिथल्या सैल झग्याच्या आत दडवलं होतं. मागच्या साली यांना हार्टचा झटका येऊन गेला, तेव्हापासून मी ते आंघोळीलाही काढलं नव्हतं. तिथल्या मुलीला ते दिसलंच. "अक्का, हे पण काढा. आत मोठा लोहचुंबक आहे." मी मान हलवून नाही म्हटलं. लेक वैतागली. "आई, बाबा आत्ता दुकानात बसून मजेत वडा खात असतील. तुझ्या गळ्यात लटकलेत का ते?" मला हसू आलं नाही. मी चपला शोधू लागले. "घरी जाऊ," एवढंच म्हणाले. त्या दिवशी परत फिरले असते तर पुन्हा आले नसते, हे मला आतून ठाऊक होतं.

समोरच्या बाकावर जाड चष्म्याची एक कानडी बाई बसली होती. माझ्यानंतर तिचा नंबर होता. ती उठून आली आणि रुमालातून हळकुंड ओवलेला पिवळा दोरा काढला. गळ्यातलं उतरवायची वेळ आली की हळकुंड बांधायचं, ही रीत आमच्यात आहे तशी त्यांच्यातही. आणलं होतं तिने स्वतःसाठी. "एकच आहे. दोघींना पुरवू, सरी? चालेल ना?" म्हणत तिने ते बाकाच्या कडेवर ठेवून मोडलं. त्या मुलीने कात्रीने दोरा कापून दिला. अर्धं हळकुंड माझ्या गळ्यात बांधता बांधता ती बाई लेकीला म्हणाली, "नवरा वडा खातो म्हणून का कुणी त्याला सोडून देतं? तुझं लग्न झालं की बघू." लेक खुदकन हसली, आणि मीही. मंगळसूत्र मी स्वतः काढून लेकीच्या हातात दिलं.

आत गेले. "हलू नका, नाहीतर चित्र पुसट येईल," असं सांगून दार लागलं. मग ठोके सुरू झाले. आमच्या घरी गोंधळ घालतात तेव्हा संबळ वाजतो, तसेच. संबळ ऐकला की माझं अंग आपोआप डोलतं. पण त्या दिवशी ते पाण्यात ठेवलेल्या दगडासारखं निवांत पडून राहिलं. डोळे मिटलेले होते आणि आत सगळं पिवळं पिवळं दिसत होतं. हळदीचा वास होता. कुणीतरी माझ्या मांडीपाशी दिवा घेऊन बसलं आहे आणि वाकून, घाई न करता, आतली गाठ बघत आहे, असं वाटत राहिलं. माझं मागणं ओठांवर होतं, ते कधी विरलं कळलं नाही. बाहेर आले तेव्हा त्या बाईंचं नाव पुकारलं गेलं होतं. त्यांना कसली गाठ होती, पुढे काय झालं, मला माहीत नाही. रोज दिवा लावताना त्यांच्यासाठी हात जोडते.

डॉक्टरांनी चित्र दाखवलं. गाठीची कड स्वच्छ होती, शीर मोकळी होती. पण आत एका कोपऱ्यात रंग वेगळा होता. "सुई इथेच घालायची. दुसरीकडे घातली असती तर साधी म्हणून सोडून दिली असती," ते म्हणाले. गाठ कॅन्सरचीच निघाली, पण कमी रागाची. ती काढली. पाय राहिला.

चालता येऊ लागल्यावर चामराजपेटच्या भवानीच्या देवळात गेले. गुडघा अजून वळत नव्हता. खाली बसायचं तर पाय देवीकडेच होत होता. मी लाजून तिरकी व्हायला धडपडत होते. पुजारी म्हणाले, "असू दे अक्का, स्वल्प, जरा टेका." मग मी भिंतीला टेकले आणि पाय तिच्यासमोर सरळ पसरला. लहानपणी आईसमोर बसत असे, तशी. काही मागायचं सुचलं नाही. बराच वेळ नुसती बसून राहिले.