साडूभाऊंची चरबी

देवाने माणसाला शरीर दिलं ते रोज उठून त्याच्याशी भांडण काढायला, असं मानणारा अख्ख्या सुरतेत एकच माणूस होता, आणि तो नेमका माझा साडू निघाला. भांडणाला कारणही होतं. त्यांचे वडील आणि दोन्ही मोठे भाऊ छातीत कळ येऊन गेले. तिघांपैकी एकानेही पन्नाशी पाहिली नव्हती. नव्वदच्या दशकातली गोष्ट. साडूभाऊंना सत्तेचाळिसावं लागलं आणि डिंडोलीतल्या दीड खोलीत त्यांनी पहिल्याच दिवशी तीनशे बैठका मारल्या. दुसऱ्या दिवशी त्यांना संडासला न्यायला दोन माणसं लागली. मी घाबरून डॉक्टरला आणायला निघालो, तर हा खानदेशी गृहस्थ आनंदाने कण्हत होता. "दुखी राह्यनं म्हणजे लागू पडनं, भो!" अंग दुखलं नाही तर व्यायाम झालाच नाही, ही त्यांची पक्की समजूत. चालणं त्यांच्या लेखी व्यायामच नव्हे. "चालाले तर पोष्टमन बी चालस," म्हणायचे.

व्यायाम केला की खाल्लेलं अंगाला लागत नाही, ही दुसरी समजूत. एका रविवारी शंभर जोर काढून ते मला लोचोच्या, म्हणजे हरभऱ्याच्या डाळीच्या त्या मऊ, तेलकट खमणाच्या गाडीवर घेऊन गेले. "काका, तेल वधारे नाखजो," असं जास्त तेल ओतायला बजावत त्यांनी तीन प्लेटी संपवल्या आणि मी नुसता डोळे फाडून पाहत राहिलो. व्यायाम करताना पाण्याचा घोट घेतला तर काळजाला सूज येते, हे त्यांना कोणी सांगितलं होतं ते त्यांनाही आठवत नव्हतं. पण या सगळ्यावर कडी केली ती घामाने. घाम म्हणजे वितळलेली चरबी, एवढं त्यांच्या डोक्यात बसलं आणि मग आम्हा सगळ्यांची झोप उडाली.

आम्ही दोघं पलसाण्याच्या एकाच, कापड रंगवणाऱ्या प्रोसेस मिलमध्ये होतो. मी घडीखात्यात आणि ते स्टेंटरवर, म्हणजे ओलं कापड ताणून गरम हवेत वाळवणाऱ्या त्या लांबलचक मशीनवर. तिथे बनियनवरही जीव नकोसा होतो. साडूभाऊ पोटाला साड्यांच्या पॅकिंगचं प्लास्टिक गुंडाळायचे, वर लोकरी स्वेटर चढवायचे आणि सुट्टीच्या वेळातसुद्धा मशीनच्या तोंडाशी उभे राहायचे. "घाम नही रे भो, चरबी वितळी राह्यनी!" सुटल्यावर स्टेशनातल्या दिव्यांच्या काट्यावर वजन करून त्याचं तिकीट मला दाखवायचे. वजन खरंच उतरलेलं असायचं. मग त्या आनंदात पुन्हा लोचो.

एकोणपन्नासाव्या वर्षीच्या मे महिन्यात, भर दुपारी, ते स्टेंटरसमोर कोसळले. मी धावत गेलो. स्वेटर ओढून काढला, प्लास्टिक फाडलं, तर आतून पाण्याची धार लागली. चेहरा पांढराफटक पडला होता. वडील आणि भावांच्या मागोमाग हेही निघाले, असंच मला वाटलं. दवाखान्यात मेहुणी भिंतीला टेकून एकच म्हणत होती, "मी काय करू या माणूसले?"

सलाईन लागलं आणि साडूभाऊ शुद्धीवर आले. डॉक्टर म्हणाले, हृदय ठणठणीत आहे. गेलं ते पाणी आणि मीठ. चरबी जिथल्या तिथे आहे. भरपूर पाणी प्या, रोज तासभर चाला, पुरे. साडूभाऊंनी सलाईनच्या बाटलीकडे बोट दाखवलं. "दोन वरीस मी निस्तं पानीच गाळं?" त्यांचा तो चेहरा पाहून मला हसूही आलं आणि रडूही.

मग ते मेहुणीबरोबर संध्याकाळी चालायला लागले, गुपचूप, कोणाला न सांगता. आणि एक दिवस त्यांची पन्नास वर्षं पूर्ण झाली. मेहुणीने पुरणपोळ्या केल्या, आम्ही सगळे जमलो. साडूभाऊंनी मात्र पोळीला हातही लावला नव्हता. मी डिवचलं, तर अगदी हळू आवाजात म्हणाले, "आमना घरमा याना पुढे कोनी गयंच नही, भो. आते काय करतस माणसे?"

त्या घरातला आजवरचा सगळ्यांत म्हातारा पुरुष माझ्यासमोर बसला होता, आणि हे विचारायला त्याला माझ्याशिवाय कोणी नव्हतं.