बाळंतिणीच्या बंबासाठी कोयता

आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेला मी पहिला, आणि कोयता विकत घेताना फसलेलाही मीच पहिला.

माझ्या आजी-आजोबांनी आयुष्यभर ऊस तोडला. नुसता हातात तोलून ते कोयता कुठल्या गावच्या लोहाराचा आहे हे सांगायचे, असं म्हणतात. अण्णा, म्हणजे माझे वडील, बीडकडून भोसरीत आले आणि तेव्हापासून एका वर्कशॉपमध्ये भट्टीवर आहेत. लोखंडाचे भाग लालभडक तापवायचे, तेलात बुडवून कडक करायचे आणि मग पुन्हा मंद भाजून त्यांचा ताठा उतरवायचा, हे त्यांचं काम. शिक्षण सातवी. त्यामुळे लोखंडाबद्दल त्यांना काही शास्त्रीय माहिती असण्याचं कारण नव्हतं. ती मला होती. मी मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला आहे.

ताई बाळंतपणाला माहेरी आली आणि तिला मुलगी झाली. आमच्याकडे गिझर आहे. पण आईच्या मते गिझरचं पाणी नुसतं गरम असतं, ते हाडापर्यंत पोचत नाही. बाळंतिणीला बंबाचंच पाणी हवं. घरामागे न्हाणीशेजारी आमचा तांब्याचा बंब उभा आहे. त्याला लाकूड लागतं आणि ते अण्णांच्या कंपनीतून येतं. मशिनं ज्या लाकडी पॅलेटवर बसून येतात, ती मोडकी पॅलेटं अण्णा रीतसर गेटपास करून घरी आणतात. बंबाचं तोंड लहान, पॅलेटच्या फळ्या मोठ्या. म्हणून त्या उभ्या चिरून बारीक कराव्या लागतात. हे काम आजीच्या वेळचा कोयता करायचा. तो झिजून झिजून सुरीएवढा झाला होता, आणि ताई दवाखान्यातून घरी आली त्याच आठवड्यात त्याची मूठ कायमची निखळली.

"नवा आणावा लागंल," जेवताना अण्णा म्हणाले.

"मग आणा की लोहाराकडनं," आई म्हणाली. "रोज सकाळी सातला शेवंताबाई येतेत मालिशला. पाणी न्हाई म्हणून त्यास्नी बसवून ठेवू का?"

अण्णांनी भाकरीचा तुकडा मोडला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "ह्याला आणू दे. ह्याचाच विषय हाय."

हे वाक्य वाचताना साधं वाटेल. पण मी कॉलेजात गेल्यापासून अण्णांनी मला माझ्या विषयातलं काहीही विचारलं नव्हतं. घरातला पंखा बंद पडला तरी ते शेजारच्या वायरमनला बोलवायचे आणि मला टॉर्च धरायला लावायचे. फी भरताना मात्र कधी एक शब्द बोलले नाहीत. त्यामुळे मला तो कोयता आणायचा नव्हता, त्या फीचं उत्तर आणायचं होतं.

साहजिकच मी आधी अभ्यास केला. आठ दिवस.

लॅपटॉपवर तक्ता केला. वजन, लांबी, पात्याची जाडी, मुठीचा कोन असे चौदा रकाने. परदेशातले दाढीवाले लोक जंगलात बसून मोठ्या सुऱ्यांनी ओंडके चिरतात, त्यांचे व्हिडिओ पाहिले. ते पातं फळीवर टेकवतात आणि वरून दांडक्याने ठोकतात. एवढ्या अभ्यासातून मी असा निष्कर्ष काढला की सगळ्यात महत्त्वाचा कडकपणा. पोलाद जितकं कडक तितकी धार टिकणार. (फार कडक पोलाद ठिसूळ होतं, असंही कुठेतरी आहे. पण तो धडा आम्हाला पुढच्या सेमिस्टरला होता.)

या आठ दिवसांत ताईच्या अंघोळीचं पाणी रोज सकाळी वेळेवर तापत होतं. कॉलेजातून आलो की बंबाशेजारी चिरलेल्या लाकडांची नीट रचलेली चळत दिसायची. घरात कोयता नाही आणि लाकडं चिरलेली, हे कसं, असा प्रश्न एखाद्या अडाणी माणसाला पडला असता. मला पडला नाही. मी तक्त्यात गुंतलेलो होतो.

रविवारी निघालो. मंगळवारी बारसं होतं. आई जाताना म्हणाली, "हितंच नाक्यावर लोहार हाय. लांब कशाला जायलास?"

तिच्या समाधानासाठी मी थांबलो. रस्त्याकडेला ताडपत्रीखाली भाता होता आणि लोहाराची बायको समोर पोत्यावर कोयते मांडून बसली होती. काळे, ओबडधोबड, घणाचे डाग तसेच.

"मावशी, हे कशाचे आहेत?"

"पाट्याचे. ट्रकच्या."

म्हणजे ट्रकखाली जे वाकडे पट्टे असतात, ज्यांवर ट्रक उसळतो, ते भंगारातून आणून ठोकलेले. मी मनातल्या मनात 'भंगार' हा शब्द लिहून घेतला.

"याचा कडकपणा किती?"

"किती म्हंजे?"

"म्हणजे आकड्यात."

तिने नवऱ्याकडे पाहिलं. नवरा भात्याकडे पाहू लागला. "आकडा न्हाई बाबा. लाकूड हाय का तुझ्याकडं? कंचं हाय?"

"पॅलेटचं."

"मग ह्योच ने. पॅलेटात खिळं असत्यात. आठ दिसांमागं एक भाऊ आसाच पॅलेटसाठी घिऊन गेला. कंपनीचा डरेस व्हता. त्यानं न्हाई बाबा आकडा इचारला."

अशा लोकांमुळेच देश मागे आहे, असं मला वाटलं. मी नम्रपणे नमस्कार करून पिंपरीची बस धरली.

पिंपरीतल्या मोठ्या दुकानात मात्र काचेच्या कपाटात ठेवलेला तो दिसला. काळा खोका, आत मखमल, पातं आरशासारखं. खोक्यावर छापलं होतं, कडकपणा साठ. माझ्या तक्त्यातला सगळ्यात वरचा आकडा!

दुकानदाराने आधार कार्ड मागितलं. "हल्ली मोठं पातं विकलं की नोंद ठेवतो आम्ही. कशासाठी हवाय?"

"बाळंतिणीच्या पाण्यासाठी."

त्याने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि पावतीवर 'कारण: बाळंतपण' असं लिहिलं.

इथे एक सांगायला हवं. आमच्या शहरात सध्या कोयत्याची अब्रू चांगली नाही. पोरं तो रस्त्यावर नाचवतात, त्याचा व्हिडिओ टाकतात, आणि दुसऱ्या दिवशी हात जोडून माफी मागतानाचा दुसरा व्हिडिओ येतो. हे मला माहीत होतं. पण ती पोरं वेगळी आणि मी वेगळा, हे चेहऱ्यावरूनच कळत असेल, असा माझा समज होता.

कासारवाडीला बस बदलायला उतरलो तर समोर नाकाबंदी. एका हवालदारांनी हात केला.

"बॅगेत काय आहे?"

दुसरा कोणी 'पुस्तकं' म्हणाला असता. मला खोटं बोलता येत नाही. (हा गुण नाही, सवय आहे.)

"कोयता आहे, सर."

माझ्या मागचे दोन प्रवासी अचानक पुढच्या बसला जायचं ठरवून गेले.

"गँग कुठली?"

"मेकॅनिकल, सर. सेकंड इयर."

"कधी वापरला?"

"अजून नाही, सर. मंगळवारी सकाळी सातला वापरणार आहे."

"वा. वेळ ठरलीये. सोबत कोण?"

"आई, ताई आणि शेवंताबाई."

हवालदारांनी मला चौकीत नेऊन बसवलं. माझी बाजू भक्कम करावी म्हणून मी स्वतःहून मोबाइलवर तक्ता उघडून त्यांच्यापुढे धरला. त्यांनी चष्मा लावून मोठ्याने वाचायला सुरुवात केली. "'एका घावात किती.' 'हात ओला असताना पकड.' 'आवाज किती होतो.'" त्यांनी चष्मा काढला. "भावा, आम्ही पकडतो ती पोरं एवढी तयारी करत नाहीत रे."

मी पावती दाखवली. ती त्यांनी दोनदा वाचली आणि शेजारच्या साहेबांनाही वाचायला दिली. "कोयत्याची कारणं लई ऐकली मी नोकरीत. हे पहिल्यांदाच. वडिलांना फोन लाव."

अण्णा ओव्हरटाइम सोडून कंपनीच्या कपड्यांतच आले. अंगाला तेलाचा वास. मी उभा राहिलो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. टेबलावरच्या कोयत्याकडे पाहिलं.

"पोरगा काय करतो?" हवालदारांनी विचारलं.

"शिकतो, साहेब."

"ते दिसलं."

अण्णांनी कोयता उचलला, कानाशी धरला आणि पात्यावर नखाने टिचकी मारली. काचेच्या पेल्यासारखा आवाज आला.

"लई कडक हाय," ते म्हणाले.

चौकीत, दोन पोलिसांसमोर, वडिलांनी केलेली ती स्तुती ऐकून माझा ऊर भरून आला. हवालदार म्हणाले, "आमच्याकडं गावाला पाट्याचा वापरतात." त्यावर अण्णा एवढंच म्हणाले, "हो. पण ह्याचा विषय हाय." कोयता खोक्यात बांधून, खोक्यावर दोरी गुंडाळून, आम्ही घरी आलो. वाटेत अण्णा सारखे त्या खोक्याकडे पाहत होते. कौतुक पचवायला त्यांना वेळ लागत असावा.

मंगळवारी सकाळी ताईच्या सासूबाई चाकणहून सहालाच येऊन बसल्या. बारसं दुपारी होतं, पण सुनेला आंघोळ कशी घालतात हे त्यांना बघायचं होतं. आईने फोनवर त्यांना बंबाच्या पाण्याबद्दल इतकं ऐकवलं होतं, की त्या खात्री करायलाच आल्या होत्या. आदल्या दिवशीचं चिरलेलं लाकूड संपलं होतं. (त्या दिवशी कोणीच चिरलं नव्हतं. का नव्हतं, हेही मला नंतर कळलं.) शेवंताबाई तेलाची वाटी घेऊन तयार. ताई दारात. सगळे मागच्या बाजूला जमले आणि मी मखमलीतून कोयता काढला.

"लग्नातली तलवार हाय जणू," शेवंताबाई म्हणाल्या.

फळी उभी केली, पातं टेकवलं आणि आईच्या कपडे धुवायच्या धोपटण्याने वरून ठोकलं. फळी लोण्यासारखी चिरली गेली. मी अण्णांकडे पाहिलं. अण्णा बंबाकडे पाहत होते. मी दुसरी फळी घेतली, जरा ऐटीत, आणि या वेळी जोराने ठोकलं.

टण्ण.

हा आवाज लाकडाचा नव्हता. पातं वर काढलं तर धारेला अर्ध्या चंद्रासारखी खाच पडली होती आणि फळीतून एक गंजका खिळा माझ्याकडे पाहत होता.

"खिळा आला," मी सगळ्यांना समजावून सांगितलं.

"पॅलेटात येतोच की," ताई म्हणाली.

एखाद्या शहाण्या माणसाने तिथे थांबायला हवं होतं. मी म्हणालो, "अपवाद असेल," आणि तिसऱ्या फळीवर ठोकलं. आता पातं त्या खाचेपासून आडवं तडकलं आणि पुढचा वीतभर तुकडा लाकडाच्या ढिगात पडला. माझ्या हातात मूठ होती आणि मुठीला चिकटलेला थोडासा अभिमान.

सासूबाई पदर सावरत म्हणाल्या, "आवो विहीणबाई, गिझरच लावा की. आमच्याकडं तसंच करतेत."

आईचा चेहरा मी सांगत नाही. तिने अण्णांकडे पाहिलं. अण्णा उठले, आत गेले आणि गव्हाच्या डब्यामागून एक पोत्यात गुंडाळलेली वस्तू घेऊन आले. काळा, ओबडधोबड, घणाचे डाग तसेच. त्यांनी बसल्या बसल्या फळ्यांचे चारचार भाग केले. मध्ये एकदा खिळा आलाच. पात्याची धार नखाएवढी दुमडली, ती त्यांनी दगडावर दोनदा ठोकून सरळ केली आणि पुढची फळी घेतली. दहा मिनिटांत बंब पेटला.

"हा कधी आणला?" मी विचारलं.

"जेवताना बोललो ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी. कंपनीतनं येताना."

कंपनीचा ड्रेस घातलेला भाऊ. चिरलेल्या लाकडांची चळत. माझा तक्ता माझ्या डोळ्यांसमोर एकेक रकान्याने पुसला जाऊ लागला.

"तुम्हाला सगळ्यांना माहीत होतं?"

"मला परवा कळलं," ताई म्हणाली. तिला झालेल्या मुलीचं वय पंधरा दिवस होतं, पण तीही कपड्यात गुंडाळलेली माझ्याकडे ज्या नजरेने पाहत होती, त्यावरून तिलाही आधीच कळलं असावं.

"मग बोलला का नाहीत, अण्णा? चौकीत टिचकी मारली तेव्हाच कळलं होतं ना?"

अण्णांनी बंबात एक फळी सारली. "तुझा विषय हाय म्हणलो होतो. मग मधी कसं बोलायचं? म्हणून तर आज फळ्याबी तुझ्यासाठीच ठिवल्या." मग आणखी एक फळी सारत म्हणाले, "लोखंड नुसतं कडक करून भागत न्हाई. मग ताठाबी उतरवावा लागतो. दुसऱ्या घाण्यात, मंद आचेवर. सावकाश."

ते कोयत्याबद्दल बोलत होते. मी तसंच धरून चाललो आहे.

दुपारी बारशाच्या आधी सासूबाईंनी पाळण्यात बाळाच्या गादीखाली ठेवायला लोखंड मागितलं. विळा, सुरी, काहीही चालेल, बाळाला बाहेरचं काही बाधू नये म्हणून. आई आत गेली आणि माझ्या कोयत्याचा मुठीकडचा उरलेला भाग फडक्याच्या सात घड्यांत घट्ट बांधून घेऊन आली.

"आई, मोडलाय तो," मी म्हणालो. "आणि माझा या गोष्टींवर विश्वास नाही."

"तुझा न्हाई ना? मग तुझं काय जातंय?"

"चांगला हाय ह्या कामाला," अण्णा गंभीरपणे म्हणाले. "भुतात खिळं नसत्यात."

तेव्हापासून तो पाळण्यात आहे. आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, की बाळ एकदाही दचकून उठलं नाही. साठ कडकपणाचं पोलाद, काळा खोका, आठ दिवसांचा अभ्यास, आणि काम गादीखाली पडून राहायचं. तरी बोलायची सोय नाही. आम्हा दोघांपैकी कामाला लागलाय तो तोच. माझं अजून शिक्षणच चाललंय.