गाठोडंबाई

माझ्या धाकट्या जावेला अख्खी गल्ली मॅडम म्हणते. मी गाठोडंबाई म्हणते, तेही तोंडावर. तिला राग येत नाही, कारण माझं बोलणं ती मनावरच घेत नाही. मी पडले अडाणी!

आधी बाईसाहेब मेणबत्त्या करायच्या. मग काचेवर चित्रं. दोन्हींतून मन उडालं तेव्हा कुठूनशी फुरोशिकी शिकून आल्या. म्हणजे भेटवस्तू जपानी पद्धतीनं कापडात बांधायची. चकचकीत कागद नको, चिकटपट्टी नको, कचरा नको. ऐकायला किती छान! पण मला सांगा, चौकोनी फडक्यात डबा ठेवून वर गाठ मारली की त्याला आपण काय म्हणतो? बोचकं. हिनं बोचकी बांधायचा वर्ग काढला आणि बायका रांगा लावून यायला लागल्या. वर्ग आमच्या बैठकीच्या खोलीत, म्हणून सासरे खुर्चीसकट स्वयंपाकघरात. त्यांना ते नाव काही जमेना. "धाकटीची फुरसत संपली का गं?" असं मला विचारायचे.

वर्गात ही डोळे मिटून बोलायची. "वस्तू दुय्यम असते. कापडात आपलं मन असतं. म्हणून घेणाऱ्यानं कापड सन्मानानं परत करायचं." सन्मान कसला डोंबलाचा! शेजारीण नुकतीच बाळंत होऊन घरी आलेली, कुशीत पोर टाहो फोडतंय, आणि ही दारात उभी: "तेवढं कापड सोडून देता का?"

सासूबाई गेल्यापासून त्यांची हिरवी लोकरी शाल सासऱ्यांच्या खुर्चीच्या पाठीवर असायची. कधी पांघरायचे, कधी नुसता हात ठेवून बसायचे. एक दिवस ती दिसेना. त्यांनी कपाट उपसलं, गादी उचलून पाहिली.

"धुवायला दिलीय, बाबा," धाकटी म्हणाली.

मग रोज सकाळी एकच प्रश्न, "वाळली का?" मीही मूर्ख, म्हणायचे, लोकर आहे, वेळ लागतो.

सासऱ्यांच्या वाढदिवशी हिनं वर्गातल्या सगळ्या बायकांसमोर त्यांना मधोमध बसवलं आणि मांडीवर एक बोचकं ठेवलं. हिरवं. वर गाठीचं फूल. सासऱ्यांनी कडेवरून बोट फिरवलं. तिथं सासूबाईंनी स्वतः केलेलं रफू होतं.

"ही हिची शाल," ते म्हणाले.

"हो बाबा! जुन्या कापडाला नवं आयुष्य! लांबट होती ना, आणि फुरोशिकीला चौरस लागतो. म्हणून मधोमध कापली."

बायकांनी टाळ्या वाजवल्या. देवा रे, टाळ्या!

सासऱ्यांनी गाठ सोडली. नीट बसली होती, त्यांना वेळ लागला. आतून चिनी मातीचा कप निघाला. तो त्यांनी धाकटीच्या हातात दिला. "हा ने. कापड राहू दे."

ही लगेच बायकांकडे वळली. "पाहिलंत? मी म्हणते ना, वस्तू दुय्यम असते!"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बायका गेल्यावर मी तिला स्वयंपाकघरात गाठलं. "दुसरा अर्धा भाग कुठाय?"

"तो दिला. त्या मोठ्या हॉटेलच्या मालकीणबाई नाहीत का, त्यांना भेट बांधून दिली."

"मग जा आणि घेऊन ये. फडकी गोळा करत दारोदार फिरतेसच ना?"

तिनं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच काहीतरी निर्लज्जासारखं बोलले. "ताई, एवढ्या मोठ्या माणसाकडे दिलेलं परत मागायचं? बरं दिसतं का ते?"

सासरे आता अर्धी शाल पांघरतात. एक खांदा झाकला की दुसरा उघडा पडतो. दिवसभर ती इकडून तिकडे ओढत बसतात, आणि पलीकडच्या खोलीत हिचा वर्ग चालू असतो. आता मला विचारतात, "उरलेली वाळली का गं?"